एक्केचाळीस रॉबर्ट

ऑफिसातून कुणी पेनं घरी आणतं, कुणी टिश्यूचे डबे. मी किस्से आणले. आमच्या केंब्रिजच्या बेसमेंटमध्ये विंटर टायर्स ठेवायला जागा उरली नाही, पण किश्शांची अडचण कधी झाली नाही! त्यातले हे काही, सगळे एकाच खोलीतले.

२००९चा हिवाळा. लेऑफमध्ये माझी सॉफ्टवेअरची नोकरी गेली आणि एका युनिव्हर्सिटीत मार्चपर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. काम काय, तर हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या फ्रँक लोकांची, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीकडच्या राजे-सरदारांची घराणी कॉम्प्युटरवर चढवायची.

इंटरव्ह्यूत प्रोफेसर हेलननं विचारलं, "फ्रँक लोकांबद्दल काय माहीत आहे?"

"काहीच नाही, मॅडम."

"छान! थोडं माहीत असणारेच माझी कार्डं बिघडवतात. आणि मॅडम नको, हेलन म्हण. आमच्या सरदारांनाही आडनावं नव्हती."

*

हेलननं तीस वर्षं कार्डं लिहिली होती. दर माणसाला एक कार्ड. जुन्या दानपत्रांवरच्या साक्षीदारांची नावं वाचायची आणि कोण कुणाचा कोण, याचा अंदाज बांधायचा. नातं पेन्सिलीनं लिहायचं. हेलन आणि तिचा सहकारी ल्यूक, दोघांचं एकमत झालं तरच शाई, आणि खाली दोघांच्या सह्या. शाईची कार्डं बोटांवर मोजण्याइतकीच होती.

एकदा मी सहज म्हणाले, "हा त्याचा भाऊच, सर्टनली!"

हेलननं पेन्सिल खाली ठेवली. "तुमच्या भाषेत सर्टनला काय म्हणतात?"

"नक्की."

तिनं तो शब्द माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतला, बोर्डावर टाचला आणि त्यावर लाल फुली मारली. "आता दोन्ही भाषांत बंदी. इथे बहुधा म्हणायचं!"

*

ल्यूक माँट्रियलचा. दोन वर्षं खपून त्यानं कॉम्प्युटरमध्ये नाती जोडली होती, आणि ती अजून कार्डांवरही उतरवलेली नव्हती. या घराण्यांत तीच ती नावं फिरतात. एका घराण्यात तर जिकडेतिकडे रॉबर्ट! मला वाटलं, डुप्लिकेट्स. कुणाला न विचारता ती एकत्र करणारी स्क्रिप्ट लिहिली आणि चालवली.

एक्केचाळीस रॉबर्टांचा एक रॉबर्ट झाला. तीनशे वर्षं जगला, एकोणीस बायका केल्या! बॅकअप शोधला, तर तो त्याच सकाळी मी स्वतः ओव्हरराइट केलेला.

हेलननं स्क्रीनवरच्या एकोणीस बायका एकेक करून वाचल्या. "बिचारा दमला असेल," म्हणाली. कुणी हसलं नाही. ल्यूक फ्रेंचमध्ये "मों दिय्यू", म्हणजे अरे देवा, म्हणाला, कोट उचलला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी फक्त ईमेलवर बोलू लागला. बसायचा समोरच, त्याच टेबलाला!

तीन आठवड्यांनी प्रोजेक्टला पैसे देणारी समिती येणार होती. तिचं समाधान झालं नाही तर प्रोजेक्ट बंद, कार्डं गोदामात आणि मी पुन्हा घरी. माझ्या नोकरीचं एक वेळ सोडा, पण हेलनच्या तीस वर्षांवर मी पाणी फिरवलं होतं. जेवण जात नव्हतं.

*

घरी टेबलाशी बसून रडले. लेक म्हणाली, "आई, जस्ट प्रेस अनडू, ना!"

रडता रडता हसू आलं. पण तिच्याकडे बघताना साताऱ्याचं घर आठवलं. पणजोबा विष्णू, आजोबा गोविंद, वडील विष्णू, भाऊ गोविंद. आजोबांचं नाव नातवाला! दुसऱ्या दिवशी कार्डं घेऊन बसले आणि रॉबर्टांना एकेक पिढी सोडून लावून बघितलं. दोन आठवडे तेच करत होते.

हेलननं विचारलं, "ही पद्धत कुठल्या पुस्तकातली?"

"आमच्या घरातली."

तिनं सगळं दोनदा तपासलं आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. पाच मिनिटांत समोरून ल्यूकची ईमेल आली: "तिसऱ्या आणि सातव्याची अदलाबदल कर. बाकीचे बहुधा बरोबर."

*

समिती आली. हजारो नावं होती, पण अध्यक्षांनी नेमकं रॉबर्टवरच क्लिक केलं!

"हा त्याचा नातू. नक्की?"

"बहुधा," हेलन म्हणाली.

"तीस वर्षं काम करूनही बहुधा?"

"तीस वर्षांपूर्वी नक्की होतं!"

अध्यक्ष हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. "मध्यंतरी इथे मोठा घोळ झाला म्हणे. कुणी केला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ल्यूक बोलला. "या खोलीनं केला. आणि या खोलीनंच निस्तरला."

*

दहा दिवसांनी पत्र आलं. प्रोजेक्ट चालू, माझं कॉन्ट्रॅक्टही चालू. हेलन आणि ल्यूक लंचला गेले. मी रॉबर्टांचा ड्रॉवर उघडला आणि कार्डं मोजली. त्या घोळापासून ती सवयच लागली होती.

बेचाळीस भरली.

पुन्हा मोजली. बेचाळीसच! म्हटलं आता काय केलं मी?

शेवटचं कार्ड नवंकोरं होतं. नाव: वैशाली. ठिकाण: सातारा, केंब्रिज. आडनाव: नाही. नातेवाईक: हेलन, ल्यूक. सगळं शाईनं, खाली दोन सह्या. आणि शेऱ्याच्या रकान्यात, बालवाडीतल्या मुलासारख्या वाकड्यातिकड्या देवनागरीत, एकच शब्द होता.

नक्की.