चुलीतून काढलेली कार्डं

आमचा बाप हातात येईल त्यानं मारायचा. त्या दिवशी बैलाचा कासरा होता. च्युइंगमसोबत मिळणारी क्रिकेटवाल्यांची कार्डं आम्ही दोघं भाऊ जमवायचो. एकानं ती हिसकावली म्हणून दादानं शाळेमागं त्याचं डोकं दगडानं फोडलं. त्याची आई दारात येऊन बोंबलली, अन् बापानं दादाला अंगणात लोळवून झोडपला. "कचरा जमा करायलेत, कचरा!" म्हणत सगळी कार्डं चुलीत कोंबली. दादानं सरळ जाळात हात घातला. कार्डं निघाली, पण उजव्या हाताची बोटं कायमची आखडली.

ती कार्डं दादानं जिवापाड जपली. आमच्याकडं किमती कागद म्हटला की लॅमिनेशन आलंच. आधार असो, मार्कमेमो असो. गेल्या वर्षी दादा झेरॉक्सच्या दुकानात ठाण मांडून बसला आणि एकेक कार्ड लॅमिनेट करून आला. दुकानदार हसला, तर त्याच्याशीही भांडला!

माझ्या ऑफिसातल्या एकाचा साडू असली जुनी कार्डं जमवतो. मीच त्याला परभणीहून बोरीला, दादाच्या घरी घेऊन गेलो. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. विकायचं काहीच नव्हतं. कुण्या जाणत्यानं 'लय भारी हाय' म्हणावं, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

साडूनं चष्मा पुसून एकेक कार्ड उलटंपालटं केलं. "हा बॉलर तर घरोघर निघायचा, ढिगानं छापलेला. कोपरे झिजलेत, कडा जळाल्यात. त्यात हे प्लास्टिक! गरम रोलरखालून काढलं की कार्ड मेलं बघा. असल्याला कुणी विचारत न्हाई." आणि दाखवायला म्हणून त्या शहाण्यानं खिशातल्या ब्लेडनं एकाची कड कापून प्लास्टिक ओढलं. कप्तानाचं अर्धं तोंड प्लास्टिकसोबत निघून आलं.

दादानं त्याची मानगूट धरली आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, परत एकदा. नाकातून रक्ताची धार लागली, चष्मा पायाखाली चुरडला. मी मधे पडलो तर दादाचा गुडघा माझ्या बरगडीत बसला. "मरंल ना तो, सोड!" मी ओरडलो. कसाबसा सुटून तो माणूस नाकाला रुमाल लावून पळाला.

दादा धापा टाकत खाली बसला. आखडलेल्या बोटांकडं बघत म्हणाला, "बाप खरं बोलायचा रे. कचराच होता. उगंच जाळून घेतला हात."

माझं डोकंच फिरलं. ज्याच्यापुढं कधी आवाज चढवला नाही, त्या थोरल्या भावाच्या मी काडकन मुस्काटात दिली. "त्या साडूला काय म्हणायचं ते म्हणू दे. पण बापाला खरं म्हणू नको, दादा. पुन्हा म्हणलास तर अजून एक ठेवून देईन!"

दादा गाल धरून रडायला लागला. बाप मेला तेव्हा त्याच्या डोळ्यांत टिपूससुद्धा नव्हता.