हँडिकॅप घोडी

मी मुळातला भित्रा माणूस. गॅस दोनदा बंद करतो आणि तिसऱ्यांदा बघून येतो. अशा माणसाला रेसच्या घोड्यांचा नाद कसा लागला, हे कोडं तीस वर्षांच्या संसारात बायकोला सुटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

भिंगारला आमचं क्वार्टर होतं आणि तिथल्याच एका कचेरीत मी कारकून होतो. पावसाळ्यात पुण्याला रेस असायच्या. रविवारी पहाटेची एसटी धरायची, डबा सोबत घ्यायचा आणि कठड्याला टेकून दिवसभर घोडे बघायचे. मोठ्या कपासाठी पळणारे राजबिंडे घोडे मला कधी आपले वाटले नाहीत. मला लळा लागला तो हँडिकॅप रेसच्या घोड्यांचा. या रेसमध्ये जो घोडा जिंकतो त्याच्या पाठीवर पुढच्या वेळी वजन वाढवतात. खोगिराच्या खिशात शिशाच्या पट्ट्या घालतात. हरत राहिला तर त्या काढून घेतात. कचेरीत जो काम करतो त्याच्याच टेबलावर फायली येऊन पडतात, तसलाच हा न्याय होता. मला तो लगेच कळला.

घरी मी हा शब्द पहिल्यांदा वापरला तेव्हा बायकोला वाटलं, मी लंगड्या घोड्यांच्या शर्यती बघायला पुण्याला जातो. तिनं तिसगावला माहेरी तसंच सांगितलं. जावई मनाचा फार मऊ, हँडिकॅप घोड्यांना जीव लावतो, असं तिकडं माझं नाव झालं. मी एक-दोनदा समजावून पाहिलं आणि सोडून दिलं. गैरसमजानं सासुरवाडीत पत वाढत असेल तर तो दूर करायला मी काही हरिश्चंद्र नव्हे.

तसे लाडके बरेच झाले. एक करडा म्हातारा घोडा होता, सतत दुसरा यायचा. एक काळा होता, तो चिखल असला तरच पळायचा. त्याच्यासाठी मी एसटीत बसून आभाळाकडे बघत जायचो. पण माझी म्हणावी अशी एकच, तांबडी घोडी. कपाळावर पांढरा ठिपका आणि त्याला खाली ओघळ, पानाला लावताना चुना सांडावा तसा. डाव्या कानाचं टोक जरा फाटलेलं. सुरुवातीला घोडे लोखंडी फाटकांत उभे करतात आणि सगळी फाटकं एकदम खाडकन उघडतात. तो आवाज पुरता कानावर पडायच्या आत ही बाहेर असायची. ओळीनं तीन रेस ती जिंकली. दर वेळी तिच्या पाठीवरचं शिसं वाढलं, आणि माझी भीतीही.

कारण रेसमध्ये घोड्याचा पाय मोडतो. मी एकदा ते पाहिलं होतं. लोक कापड आडवं धरतात, मागे डॉक्टर सुई देतो आणि त्या कापडामागून घोडा पुन्हा उठत नाही. तेव्हापासून ही घोडी शेवटच्या वळणावर आली की मी डोळे मिटून घ्यायचो. टापा समोरून गेल्या की उघडायचो आणि शेजारच्याला विचारायचो, आपली कितवी आली. एवढ्या लांबून जिला बघायला जायचं तिचं पळणं मी निम्मंच बघितलं.

तिची शेवटची रेसही तशीच गेली. वजन सगळ्यांत जास्त तिच्यावर होतं. मी डोळे उघडले तेव्हा घोडे पुढे निघून गेले होते आणि त्यांत ती नव्हती. मागे वळणावर माणसं पळत होती. घोड्यांची गाडी तिकडे निघालेली दिसली. मी डबा पिशवीत घातला आणि सरळ बसस्टँड गाठला. त्यानंतर पेपरात तिचं नाव आलं नाही. कुणालाही फोन करून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही.

चार वर्षं अशीच गेली. मागच्या उन्हाळ्यात तिसगावला मेहुण्याच्या मुलाचं लग्न निघालं. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजत-गाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला तिकडे परण्या म्हणतात. नवरदेवापुढे बसायचा मान माझ्या पाच वर्षांच्या नातीला मिळाला होता. नटलेली घोडी दारात आली, आणि मला तिच्या कपाळावर तो सांडलेला चुना दिसला. मी मुद्दाम डावीकडे जाऊन कान पाहिला. टोक फाटलेलंच होतं.

जिवंत आहे, एवढं एकच मनात आलं आणि डोळे भरून आले. पण तो आनंद दोन मिनिटंही टिकला नाही, कारण तोवर नातीला वर बसवलं होतं. मी घोडीवाल्याला बाजूला घेऊन विचारलं की ही रेसची ना? तो मोकळेपणानं म्हणाला, "व्हय, पुन्याची. हँडिकॅप हाय. लई गरीब, लहान पोरं बी बसत्यात."

हँडिकॅप! मेहुणा शेजारी उभा होता. त्याच्या लेखी हँडिकॅप म्हणजे लंगडी, म्हणजे बिनधोक. त्या शब्दाचा खरा अर्थ अख्ख्या तिसगावात मला एकट्याला ठाऊक होता. ही घोडी साठ किलो पाठीवर घेऊन वाऱ्यासारखी सुटायची, आणि आज तिच्यावर एक काडीपैलवान नवरदेव आणि एक पोर बसलं होतं.

मी मेहुण्याला म्हणालो, नातीला उतरवा. तो हसला. परण्यातून पोरीला मधेच उतरवणं अशुभ, असं सासूबाईंनी सुनावलं. बायकोनं माझ्याकडे गॅस तिसऱ्यांदा बघायला निघालो की बघते तसं बघितलं. नात वरून मला हात हलवत होती.

परण्या निघाला. पुढे डीजेचा टेम्पो होता. त्याच्या मागच्या फाळक्याची एक कडी तुटलेली, तिथं नुसती तार गुंडाळली होती. गाण्याच्या दणक्यानं फाळका थरथरत होता. तो पडला तर आवाज कसला येईल ते मला माहीत होतं. मी पुढे धावून ड्रायव्हरला सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही. मग मागे येऊन मी लगाम धरून चालू लागलो. घोडी पावलागणिक मान खाली टाकत होती. रेसआधी उतावीळ झाली की ती असंच करायची, निदान मला तसं वाटलं. चारही पायांना घुंगरांची लाल कापडं गुंडाळलेली होती. मी मनातल्या मनात मारुतीला म्हणत होतो, तेवढं तुझ्या दारापर्यंत पोचू दे.

पेठेच्या वळणावर तार तुटली. फाळका खाडकन खाली आला.

मी डोळे मिटले नाहीत. घोडीचे कान उभे राहिले, मागचे पाय आत दबले, अंग आखडलं, आणि तिनं उडी घेतली. बरोब्बर पूर्वीची. माझ्या हातून लगाम सुटला. पण दुसरी उडी आलीच नाही. पुढचा उजवा पाय टेकताच तो दुमडला आणि ती गुडघ्यावर आली. नात मानेवरून घसरली ती थेट माझ्या छातीशी. घोडी धडपडत उठली आणि तो पाय अधांतरी धरून उभी राहिली.

घोडीवाला मला म्हणाला, "म्हनलं न्हवतं का, हँडिकॅप हाय? पळून पळून जाती कुठं."

नातीला बायकोकडे देऊन मी खाली बसलो आणि त्या पायाचं लाल कापड सोडलं. गुडघ्याखालचं हाड वाकडं जुळलं होतं. चार वर्षं जे विचारायची छाती झाली नाही ते विचारलं. पाय कधी गेला? पुण्यातच, शेवटच्या शर्यतीत, वळणावर, असं तो म्हणाला. कसंबसं हाड जुळलं, मग मालकानं तिला या घोडीवाल्याकडे लोटलं.

नवरदेव मारुतीपर्यंत चालत गेला. परण्या पुढे सरकला. बायको नातीला कडेवर घेऊन माझ्यापाशी थांबली होती. तिनं हळूच विचारलं, "ही तुमचीच का?"

"हो," मी म्हणालो. "आणि हिचा पाय मोडला तेव्हा मी तिथंच होतो."