पोटमाळा

आमच्या कोल्हापुरात 'तब्येत' हा शब्द प्रकृतीसाठी कमी आणि अंगावरच्या मांसासाठी जास्त वापरतात. 'तब्येत केलीया' म्हणजे कौतुक, 'तब्येत उतरली' म्हणजे काळजी. या हिशेबानं माझ्या वडिलांना तब्येतच नव्हती. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढं. आई त्यांची विजार शिवताना कंबर सैल ठेवायची आणि मांड्या आवळायची.

वडील उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फोरमन होते. दोन हजार सालच्या आसपास तिथं मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला. दारात उभा राहिला की उजेड अडायचा. सगळे त्याला पावणं म्हणायचे. वडील त्याला संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पाजायला न्यायचे आणि घरी येऊन त्याच्या बुडाचा विस्तार हातांनी दाखवायचे. आई हसून बेजार व्हायची.

मग कारखान्यात तपासणी शिबिर झालं. पावण्यानंही हौसेनं रक्त दिलं. त्याची साखर व्यवस्थित निघाली, वडिलांची वाढलेली. बाटल्यांची अदलाबदल झाली असणार, असं वडील ठामपणे म्हणाले. पुन्हा तपासलं, तेच. थोरल्या काकांचा पाय साखरेनंच गेला होता. ते आठवून मी पुरती घाबरले.

शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की चरबी किती यापेक्षा ती कुठं साठते हे बघायचं. पावण्याच्या लोकांत ती बहुधा कातडीखाली, मांड्यांवर, कुल्ल्यांवर पसरते.

"आपल्याकडं ती कोठी लहान," त्या म्हणाल्या. "भरली की उरलेलं पोटमाळ्यावर. आतड्यांभोवती, यकृतात."

सगळ्यांचं असंच असतं असं नाही. थोडं वंशातून येतं, थोडं खाण्याबसण्यातून, आणि बरंचसं अजून कुणालाच नीट उमगलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं.

"म्हंजे मी आतनं जाड हाय?" वडिलांनी विचारलं.

बाई हसल्या आणि हो म्हणाल्या.

वडिलांनी रंकाळ्याला फेऱ्या सुरू केल्या, भात कमी केला. पण त्यांना बारीक झालेलं पाहून गल्लीला राहवेना. कुणी लोण्याचा गोळा पाठवी, कुणी खव्याचे पेढे. गावाची माया ही अशी, माणसाला गोडानं मारणारी. आई ते सगळं आम्हा मुलांत वाटून टाकायची, आणि तब्येत आमची झाली.

वर्षभरानं मी त्यांच्याबरोबर गंगावेशीत गेले. गवळ्यानं त्यांना खालीवर न्याहाळलं.

"तब्येत उतरली की तुमची. दुखणं हाय काय?"

वडिलांनी सदरा वर करून सैल झालेला पट्टा दाखवला.

"दुखणं न्हाय. पोटमाळा रिकामा केलाय."

अर्धाच पेला दूध घेतलं आणि आपल्या दोन्ही पायांनी भराभरा चालत घरी आले. मीच मागं पडले.