बबलगममधलं दैवत

माझ्याकडे क्रिकेटच्या कार्डांचा एक संच आहे. लहानपणी नाशिकला बबलगमच्या पुड्यांतून जमवलेला, बरीच वर्षं एक कार्ड कमी असलेला. ते एक कुणाचं? ज्याच्यावर सगळा देश जीव टाकत होता आणि ज्याने पैसे खाऊन सामने विकले, त्या महापुरुषाचं.

तो खेळायला आला की घरात कुणी जागा सोडायची नाही, असा बाबांचा नियम होता. जागा बदलली की विकेट पडते म्हणे. बाबा कारखान्यात सुपरवायझर, यंत्राचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारे, पण इथे अक्कल गहाण. स्कोअर विचारायला आलेली आई स्वयंपाकघराच्या दारात अडकली आणि आत भाजी करपली. मी लघवी दाबून एक अख्खा डाव काढला. पुढे बातमी आली तेव्हा कळलं, आम्ही असे पाय आखडून बसलो होतो त्यातले काही सामने ह्या गृहस्थाने आधीच विकून टाकले होते. बाबा उठले, माझ्या डब्यातून त्याचं कार्ड काढलं आणि टराटरा फाडलं.

"चोराचं तोंड माझ्या घरात नको," म्हणाले.

मी खूप रडले. कार्ड माझं होतं, त्यांचं नव्हतं. त्यानंतर बाबांनी क्रिकेट पाहिलंच नाही.

आता मी कतारमध्ये, रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनीअर आहे, आणि ते कार्ड मला सापडलं दोह्याच्या अल गराफा भागातल्या एका व्हिलात. मालक पुण्याचे, फायनान्समधले. भिंतभर काचेचं कपाट, कपाटात दिवे आणि दिव्यांखाली आमच्या लहानपणीचा चिकट कचरा. कार्ड बाहेर काढण्याआधी त्यांनी पांढरे सुती हातमोजे घातले. देवाला सोवळ्यात शिवावं तसं चाललं होतं.

"मिस्टरांना आवड दिसते," ते म्हणाले.

"मिस्टरांना बॅट कुठल्या बाजूने धरतात तेही ठाऊक नाही," मी म्हटलं.

मग त्यांनी मला कार्ड दुर्मीळ का ते समजावलं. बातमी आल्यावर लोकांनी रागाच्या भरात ही कार्डं फाडली, चुलीत घातली, म्हणून आता मिळत नाहीत. म्हणजे साध्या माणसांच्या संतापावर ह्यांच्या कपाटाचा भाव चढला होता.

"तुम्ही नाही फाडलंत?"

"छे! मला तेव्हाच कळलं होतं, हे पुढे रेअर होणार."

शाळकरी वयात एवढा व्यवहार! तेवढ्यात त्यांची मुलगी डोकावली. "डॅडी, हू इज ही?"

"लेजंड, बेटा."

सामने विकल्याचं सांगायचं राहूनच गेलं. हल्ली सगळ्यांचंच राहतं. तो लेजंड आता सभासमारंभात तरुणांना निष्ठेचे धडे देतो आणि लोक त्याच्यासोबत सेल्फी काढायला रांग लावतात. आपल्याला लाज नाही, दुसरं काय!

तरी मी ते कार्ड घेतलं. मला तो माणूस नको होता, माझा संच पुरा हवा होता. बदल्यात माझ्याकडची जादा कार्डं दिली. चार प्रामाणिक खेळाडू गेले आणि एक चोर आला.

"कडा सांभाळा हं," मालक म्हणाले. "एक घडी पडली की खलास."

मला घडीची नाही, बाबांची भीती होती. ते तेव्हा माझ्याकडे राहायला आलेले होते. वयाने गुडघे नरम पडले, राग नाही. टीव्हीवर तो माणूस दिसला की अजूनही रिमोट शोधायचे. कार्ड दिसलं तर पुन्हा तुकडे होणार, ह्यात मला शंका नव्हती. मी अल्बम कपाटात साड्यांखाली ठेवला.

काही दिवसांनी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले, तर अल्बम डायनिंग टेबलावर उघडा आणि त्या कार्डाचा कप्पा रिकामा. बाबा शेजारी बसलेले.

माझं डोकंच फिरलं. "परत, बाबा? ह्या वयातही? माझ्या घरात माझी वस्तू फाडायचा तुम्हाला काय अधिकार?" लहानपणी जे तोंडातून फुटलं नव्हतं ते सगळं बोलले. बाबांनी शर्टाच्या खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

जवळच्या टायपिंग सेंटरमधून, म्हणजे इथल्या अर्ज-झेरॉक्सच्या दुकानातून, ते लॅमिनेट करून आणलं होतं. आमच्या पिढीची एकूण एक मार्कशीट बापांनी अशीच प्लॅस्टिकमध्ये चिणून ठेवली आहे. पण जुनं कार्ड लॅमिनेट केलं की संपलं, ते सोडवता येत नाही. पुण्याचे गृहस्थ तिथे असते तर झीट येऊन पडले असते.

"अहो बाबा, काय केलंत हे! आता ह्याला कवडीची किंमत नाही!"

"त्याला होती कधी?" बाबा म्हणाले. मग त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. "तुझं आहे ते. सकाळी हाताला लागलं आणि बोटं तशीच वळायला लागली. म्हणून चपला घातल्या, गेलो आणि दुकानदाराला म्हटलं, सबसे मोटावाला लगाव. आता माझ्याच्यानं फाटायचं नाही."