आचऱ्याची नवरी

पुण्याहून निघताना सुनेने माझ्या पिशवीत गुडघ्याचे पट्टे, गोळ्या आणि सूचना कोंबल्या. वर मी रंगांची पेटी ठेवली. आचऱ्याला माझी बालमैत्रीण सुलू अंथरुणाला खिळली होती. मूत्रपिंडं निकामी झालेली. फोनवर तिने एकच मागितलं होतं, "नवरी अजून आसा काय ता बघ. आणि तिचा चित्र काढून दाखय माका."

नवरी म्हणजे खडकातल्या डबक्यांत राहणारी, शंख नसलेली समुद्रगोगलगाय. नखाएवढी, काचेसारखी पारदर्शक, कडा जांभळी, पाठीवर केशरी तुरे. नाव आम्ही दोघींनीच शाळेत असताना ठेवलेलं.

कणकवलीहून एसटीने पोचले. सुलू उशीएवढीच उरली होती. तिची सून चमच्याने पेज भरवत होती.

"म्हातारी झालंस गो," सुलू म्हणाली.

"आणि तू काय, कॉलेजात जातेस?"

"मीठ बंद केल्यानी माजा. आता अळणी पेज पिऊन मरूचा." हसताना तिला धाप लागली.

सकाळी ओहोटीला खडकांवर गेले. कुठल्याशा जहाजाच्या तेलाचे काळे, डांबरासारखे गोळे कपारीकपारीत चिकटलेले. डबक्यांवर तवंग, त्यात मेलेले खेकडे. कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या एका बाईने हाक मारली, "आजी, काय हरवला?"

मी नवरीचं वर्णन केलं.

"खातत काय तिका?"

"नाही. चित्र काढायचंय."

"मगे बरा. हय खावक काय रवलाच नाय." तिच्या टोपलीचा तळही झाकला नव्हता.

अगदी टोकाच्या कपारीत, स्वच्छ पाण्यात, एक नवरी सापडली. एकच.

विशीत मी स्वतःला थोर चित्रकार समजायचे. डोक्यावर भलीमोठी टोपी, खांद्यावर घडीचा स्टँड, अक्कल घरी. नवरीभोवती जाड काळी रेघ मारून आत केशरी ओतायचे. बटाटेवडा दिसायचा, आणि खाली माझी झोकदार सही! आता कळतं, पारदर्शक जीव काढायचा तर त्याला फारसा हात लावायचा नाही; त्याच्याखालची सावली तेवढी रंगवायची.

वेंधळेपणा मात्र विशीतलाच राहिलाय. रंगांसाठी आणलेलं गोडं पाणी तहान लागली म्हणून वाटेत पिऊन टाकलं होतं. भरती चढत होती. शेवटी डबक्यातल्याच पाण्यात रंग कालवले. तुरे काढून होतात तोच पहिली लाट आत आली आणि नवरी दिसेनाशी झाली.

घरी सुलूने कागद छातीवर धरला. खूप वेळ बघत राहिली.

"कितके आसत गो अजून?"

"ढीगभर," मी म्हटलं.

चित्र वाळायचं नाव घेत नव्हतं. तिने नवरीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि सुनेची नजर चुकवून जिभेला लावलं.

"खारट आसा गो!" ती कुजबुजली, आणि पुन्हा बोट फिरवलं.

पाऊस लागण्याआधीच सुलू गेली. तिच्या मुलाने चित्र माझ्याकडे पाठवून दिलं. नवरीची पाठ पुसट झालीय. हवा दमट झाली की मिठामुळे कागद अजून ओलावतो. माझी सून म्हणते, काच बसवून घ्या. मी बसवत नाही. मलाही आता डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. घरात कोणी नसलं की सुलूने जिथं बोट फिरवलं, तिथं मीही फिरवते.