कोट घालून पूर्णेच्या बिअरजत्रेला

हल्ली लोक बिअरच्या जत्रेसाठी विमानाने जर्मनीला जातात आणि परत आल्यावर फोटोंसकट लिहितात. मला ते वाचायला आवडतं. फक्त वाचताना दर वेळी वाटतं, अशी एक सफर आपणही केली होती. ती परभणी ते पूर्णा एवढीच होती, आणि तिचा एकही फोटो नाही.

मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात जाणार, असं सगळीकडे बोललं जात होतं त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मुंबई राज्यात दारूबंदी होती. त्यामुळे आमच्याकडच्या शौकीन मंडळींना घाई झाली होती. मी परभणीला तहसील कचेरीत कारकून होतो. मूळचा पेडगावचा, घर शेतकऱ्याचं. आमच्या घराण्यात तोवर कोणी कोट घातला नव्हता आणि बिअर तर कोणी पाहिलीही नव्हती.

माझा मित्र सदाशिव कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर ठाणं उलगडायचा. त्याचे दाजी पूर्णेला इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. रेल्वेवाल्यांचा तिथे एक क्लब होता आणि वर्षातून एकदा त्यांचा जलसा व्हायचा. बँडबाजा, पत्ते, आणि सिकंदराबादहून लाकडाच्या भुशात, बर्फात घालून आणलेल्या बिअरच्या बाटल्या. पुढच्या वर्षी हे सगळं असेल की नाही कोण जाणे, तेव्हा येऊन जा, असा दाजींचा निरोप आला. अट एकच होती. कोट आणि टाय असल्याशिवाय आत सोडत नाहीत.

आम्ही दोघं युसूफभाईंकडे गेलो. स्टेशन रोडवर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, अंमलदारांच्या शेरवान्या शिवाव्यात तर त्यांनीच. त्यानंतर शेरवानी घालणारी बरीच माणसं हैदराबादेला निघून गेली आणि युसूफभाईंच्या हाती उरले लेंगे, उशांचे अभ्रे आणि शाळेच्या चड्ड्या. आता तेही चालले होते. त्यांच्या साडूने हैदराबादेत गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्यांना चिकटवून दिलं होतं. दुकानाची किल्ली मालकाला देऊन झाली होती, मशीन तेवढं घरी आणलं होतं. पुढच्या आठवड्यात बायकामुलांसह निघायचं होतं.

नवं कापड घ्यायची आमची ऐपत नाही हे त्यांनी न विचारताच ओळखलं. त्यांनी एक पत्र्याची पेटी उघडली. तीत शिवून तयार असलेल्या, पण मालक परागंदा झाल्यामुळे कोणी न नेलेल्या दोन शेरवान्या होत्या. एक काळी, एक गर्द हिरवी. मी म्हणालो, यांचं आता काय होणार? युसूफभाई कापडावर खडू ओढत म्हणाले, "शेरवानीतून कोट निघतो, माधव. कोटातून शेरवानी निघत न्हाई."

परभणीतलं शेवटचं काम म्हणून त्यांनी ते जीव लावून केलं. मजुरी विचारली तर म्हणाले, मला बरोबर न्या. आपण शिवलेला कोट चारचौघांत कसा दिसतो ते मला पाहायचंय. ते स्वतः कधी थेंबभरही प्यायचे नाहीत, पण त्याने काही अडत नव्हतं.

सकाळची पॅसेंजर धरून निघालो. मी काळ्या कोटात, सदाशिव हिरव्या कोटात, आणि युसूफभाई नेहमीचा पायजमा, सदरा आणि जाकीट घालून. उरलेल्या अस्तरातून युसूफभाईंनी दोन टायही शिवल्या होत्या, पण टाय कशी बांधतात हे तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी मी बैलाच्या दाव्याला मारतात ती गाठ मारली. घट्ट बसली, पण मान वळेना. गाडीत समोरची एक म्हातारी माझ्याकडे बराच वेळ बघत होती. तिने सदाशिवला हळूच विचारलं, ह्यांच्या गळ्याला काय लागलंय.

सरळ पूर्णेला न जाता आम्ही मध्ये पिंगळीला उतरलो. तिथे शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाची ताडी, मिळायची आणि जाणकारांचा सल्ला होता की शिंदी प्यायची तर सकाळची. ऊन चढायच्या आत ती गोड आणि गार असते, दुपारनंतर आंबट होऊन डोक्यात जाते. स्टेशनापासून बांधाबांधाने थोडं चाललं की शिंदीची झाडं आणि त्यांच्याखाली ठेकेदाराचं छप्पर. दोन्ही बाजूंना ज्वारी पुरुषभर उभी होती आणि कणसांवर दव होतं. सदाशिव म्हणाला, कोट सांभाळा. मग आम्ही हात वर करून, नदी ओलांडल्यासारखे चाललो.

छपरापर्यंत पोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. मडकी होती, पळसाच्या पानांचे द्रोण होते, एक चिलीम धुमसत होती, पण माणूस नाही. थोड्या वेळाने ठेकेदार हात जोडून मागून आला. त्याने खाट झटकली आणि शिंदीत पाणी घालत नाही अशी कोणीही न विचारता शपथ घेतली. काय झालंय ते आमच्या ध्यानात येईना. तेवढ्यात ज्वारीतून एक खोकला ऐकू आला, मग दुसरा. गावातली सगळी गिऱ्हाइकं पिकात बसली होती.

युसूफभाईंनी मोठ्याने सांगितलं की हे साहेब नाहीत, पेडगावच्या आणि परभणीच्या घरातली पोरं आहेत आणि मी ह्यांचा शिंपी आहे. मग एकेक मुंडासं कणसांतून वर आलं. सगळ्यांत पुढे धोंडिबा नावाचे एक वयस्क शेतकरी होते. ते अंगावरची पानं झाडत म्हणाले, "आमाला वाटलं आबकारीवाले आले. एवढं नटून शिंदी प्यायला कोन येतंय?"

पुढचा तासभर फार सुखाचा गेला. द्रोणातली शिंदी घशाला गार लागत होती, नारळाच्या पाण्यात कोणी थोडा गूळ घातल्यासारखी. धोंडिबांनी आगटी पेटवली, हुरडा भाजला, वर शेंगदाण्याची चटणी दिली. युसूफभाईंनी शिंदीला हात लावला नाही, हुरडा मात्र आमच्या दोघांइतका खाल्ला. धोंडिबा माझ्या कोटाची बाही पुन्हापुन्हा चिमटीत धरून पाहत होते. फाल्गुनात त्यांच्या मुलाचं लग्न होतं आणि सोयरे नांदेडचे, त्यामुळे पोराला कोट शिवायचा असं त्यांच्या मनात आलं होतं. युसूफभाईंनी सांगितलं की मी तर हैदराबादेला चाललोय. धोंडिबा म्हणाले, "मग जायच्या आधी शिव की." युसूफभाई हसले, पण हो म्हणाले नाहीत.

दुपारच्या गाडीने पूर्णेला पोचलो. जंक्शन असल्यामुळे गजबज फार, धूर त्याहून जास्त. पांढरा सदरा घालून जाणाऱ्याने खिशात रुमाल ठेवावा. दाजींच्या क्वार्टरमध्ये सदाशिवच्या अक्काने भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला. दाजींनी माझ्या टायची गाठ सोडवायला सुरी मागवली. मग त्यांनी टाय नीट बांधून दिली आणि दिवसभरात प्रथमच मी डावीकडे पाहिलं.

क्लबच्या दाराशी मात्र घोटाळा झाला. तिथे सेक्रेटरी उभे होते, एक लाल चेहऱ्याचे, भरल्या अंगाचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर साहेब. आम्हा दोघांकडे पाहून त्यांनी मान डोलावली आणि युसूफभाईंना अडवलं. कोट नाही, टाय नाही. दाजींनी विनवलं, पण नियम तो नियम. आमच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दोन कोट ज्याने शिवले, त्याच्या अंगावर एकही नव्हता. युसूफभाई शांतपणे म्हणाले, तुम्ही जा, मी खिडकीतून बघतो. मला तसंही कोटच बघायचेत.

मी सदाशिवकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मला आत जायची फार इच्छा होती हे कबूल करतो. महिनाभर कचेरीत मी दुसऱ्या कशाचा विचार केला नव्हता. पण त्यांना खिडकीशी ठेवून आत बसलो असतो तर बिअर घशाखाली उतरली नसती. मी कोट काढून त्यांच्या खांद्यावर घातला, टायही दिली.

कोट माझ्या मापाचा होता आणि युसूफभाई माझ्या खांद्याएवढे. बाह्यांतून त्यांची बोटंही दिसेनात. त्यांनी टोपी काढली, आतल्या पट्टीत खोचलेला सुईदोरा काढला आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून दोन्ही बाह्या आत दुमडून टाके घातले. मग कमरेला एक चुणी घेतली. साहेब कुतूहलाने वाकून पाहत होते. युसूफभाई उठून उभे राहिले तेव्हा तो कोट त्यांचाच वाटला. आता पायजम्याचा प्रश्न होता. दाजी म्हणाले, दारावरच्या पाटीवर कोट आणि टाय लिहिलंय, खाली काय घालायचं ते लिहिलेलं नाही. साहेबांनी पाटी पुन्हा वाचली, मोठ्याने हसले आणि बाजूला झाले.

मी बाहेरच्या बाकावर सदऱ्यात कुडकुडत बसलो. दाजींनी एक पेला बाहेर पाठवला. बिअरबद्दल माझं मत विचाराल तर लहानपणी तापात आई काडेचिराइताचा कडू काढा द्यायची, त्यालाच फेस आणला तर तशी लागते. अर्धी प्यालो, उरलेली जास्वंदीला घातली. खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. बँड वाजत होता, रंगीत कागदाच्या पताका लोंबत होत्या, गार्ड आणि ड्रायव्हर आपापल्या बायकांसह टेबलांशी बसले होते. युसूफभाई लेमनची बाटली धरून एका कोपऱ्यात उभे होते. मग साहेब त्यांना घेऊन मधल्या टेबलाशी आले. साहेबांनीच त्यांची बाही उलटी करून लोकांना टाके दाखवले. सदाशिवला उभं करून गोल फिरवलं. हळूहळू माणसं जमली आणि युसूफभाई मला दिसेनासे झाले.

दिवेलागणीला ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या गळ्यात निळ्यागुलाबी कागदाच्या पट्ट्या होत्या. मोजायची फीत बरोबर नव्हती, म्हणून पताका फाडून त्यांनी लोकांची मापं घेतली होती. छातीची पट्टी, बाहीची पट्टी, आणि टोकाला पेन्सिलीने नाव. मला वाटलं ते खुशीत असतील. पण परतीच्या गाडीत बसल्यावर ते त्या पट्ट्या सोडून पुन्हापुन्हा गुंडाळत राहिले. सदाशिवने विचारलं, तब्येत बरी आहे ना.

"हैदराबादेत मला बटनांची काजं करायची नोकरी हाय," ते म्हणाले. "कापड कापनार दुसराच. मला वाटलं, इकडं आता कोट घालनारं कुनी ऱ्हायलं न्हाई. म्हनून हो म्हनलो."

तुम्हाला जायचंय का, असं मी विचारलं. मिरखेल गेलं, पिंगळी गेलं. मग ते म्हणाले, घरी बोलून बघतो.

आम्ही त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. दारात बांधलेली गाठोडी होती. भाभींनी सगळं ऐकून घेतलं, कागदाच्या पट्ट्या एकदा हातात घेऊन पाहिल्या. हैदराबादेला त्यांची बहीण होती, त्यामुळे जायचा आग्रह त्या धरतील असं मला वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "ही मापं देणारे पिऊन बोलले का शुद्धीत?"

मापं देणाऱ्या सगळ्यांच्या हातात पेला होता, हे सदाशिवने कबूल केलं. भाभी म्हणाल्या, पगाराच्या दिवशी पूर्णेला जाऊन या, तोवर गाठोडी सोडत नाही आणि गाडीही धरत नाही.

पगाराच्या दिवशी युसूफभाई एकटेच गेले. मापं दिलेल्यांतल्या बऱ्याच जणांना आपण काय बोललो ते आठवतच नव्हतं. एकाने तर तुम्ही कोण असं विचारलं. पण सेक्रेटरी साहेब सर्जचं कापड बगलेत घेऊन स्टेशनावर हजर होते, आणि त्यांच्यामागे त्यांचा फायरमन, त्याच्या हातात भावाच्या लग्नाचं कापड. परत आले तर परभणीत दारासमोर धोंडिबा मुलाला घेऊन बसलेले. भाभींनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा तव्याचं गाठोडं सोडलं, मग बाकीची.

दुकान मात्र हातचं गेलं होतं. मालकाने ते एका सायकलवाल्याला दिलं होतं. बरीच बोलणी होऊन अर्धं मिळालं. पुढे दोन वर्षं पूर्णेच्या गार्डांचे कोट पंक्चरच्या सोल्युशनच्या वासात शिवले गेले. मग दारूबंदी आलीच. क्लबात लेमन तेवढं राहिलं, पिंगळीचं छप्पर उठलं. युसूफभाईंनी पूर्णेला स्टेशनाजवळ स्वतःचं दुकान घेतलं, आणि आम्ही कधी रविवारी गाडीने तिकडे जाऊ लागलो.

कोणाला ही सफर करायची असेल तर हिवाळ्यात करा. हुरडा असतो, गाडीला गर्दी कमी असते. शिंदी मिळायची नाही. बिअरचं मी काय सांगणार, माझा तिच्याशी संबंध अर्ध्या पेल्याचा. त्या दिवशी मी क्लबच्या आत पाऊलही टाकलं नाही, आणि तरी ती माझी सगळ्यांत भारी सफर आहे. आमच्या ओळखीची कितीतरी माणसं त्या वर्षांत दूर निघून गेली आणि पुन्हा दिसली नाहीत. हा एक माणूस मनात आलं की तिकीट काढून भेटता येईल एवढ्या अंतरावर राहिला.