साठीनंतरचे स्नायू आणि माझा थिसिस

थिसिसमध्ये सगळ्यांना जागा असते. आभार असतात, संदर्भ असतात, परिशिष्टं असतात, गाईड सरांच्या कौतुकाला तर अख्खं पान असतं. फक्त किस्से कुठं घालायचे हे कुणी सांगत नाही! त्यामुळे ते माझ्याकडेच साठलेत. मेसमध्ये ताट घेतलं की मैत्रिणी सुरू करतात, "हं, तुझ्या म्हाताऱ्यांचं सांग." मी सांगत बसते आणि माझी आमटी गार होते.

मी साताऱ्याची, फिजिओथेरपी शिकायला मिरजेत. विषय घेतला साठीनंतरची ताकद. संशोधन सांगतं की सत्तरीतसुद्धा स्नायू ऐकतात. वजन थोडं थोडं वाढवत न्यायचं, मध्ये विश्रांती द्यायची, की म्हातारे पायही तयार होतात. हे आपल्या खेड्यातल्या माणसांवर तपासायचं म्हणून एसटीनं पाऊण तासावरचं एक गाव धरलं. बारा आठवडे! नीट झालं तर थिसिस, नाहीतर सगळं परत पहिल्यापासून. निघतानाच सरांनी दम भरला होता, "डेटा घाण केलास तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

*

पहिल्या दिवशी देवळाच्या मंडपात सगळी ज्येष्ठ मंडळी जमली. मी तयारीनिशी समजावत होते. आज एक किलो, पुढच्या आठवड्यात सव्वा, मग दीड. तेवढ्यात दगडूआप्पा नावाचे आजोबा म्हणाले, "ह्यात नवं काय हाय? आमच्या चुलत्यानं रेडकू जलमल्यापास्नं रोज उचाललं. रेडकू वाढंल तशी अंगात ताकद वाढंल!"

मी उडालेच. माझं अख्खं दुसरं प्रकरण या माणसानं एका वाक्यात संपवलं होतं!

"मग आप्पा? त्याची म्हैस झाल्यावर पण उचलली?"

"कुठली! चौथ्या म्हैन्यात बाजारात इकलं."

*

मग प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला काय जमायला हवंय? कुणी म्हणालं एसटीची पायरी, कुणी म्हणालं डोंगरावरचा देव. हौसाकाकू म्हणाल्या, "मला भुईवर बसून कुनाचा हात न धरता उठायचंय. बास."

गुडघा धरल्यापासून त्यांना कुणीतरी ओढल्याशिवाय उठता येत नव्हतं. एकदा त्या शेंगा फोडायला खाली बसल्या आणि घरातले सगळे रानात गेले.

"मग काय केलंत?"

"काय करती? सगळं पोतं फोडलं."

सगळे हसले, त्याही हसल्या. पण नंतर हळूच म्हणाल्या, "पंगतीत मला खुर्ची देत्यात गं. वरनं सगळ्यांची नुसती टाळकी दिसत्यात. लय वाईट वाटतं." माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे मी दोन रेघा मारल्या. थिसिस गेला खड्ड्यात, ही बाई उठली पाहिजे!

*

मग चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक व्यायाम गट. दुसरा कंट्रोल गट, म्हणजे त्यांनी बारा आठवडे काहीही नवं करायचं नाही, आहे तसंच राहायचं. त्यांचा नंबर नंतर. फरक कळायला असा गट लागतोच.

झालं! कंट्रोलवाले चिडले. "आमी काय पाप केलं? आमची चिठ्ठी बदला!" हौसाकाकूंना व्यायाम आला आणि त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे रिटायर्ड सुभेदारांना, कंट्रोल. सुभेदार ताडकन उभे राहिले.

"मॅडम, हा हुकूम आहे का?"

"हो, हुकूमच समजा."

"मग एक माणूस हलणार नाही. गट माझ्या ताब्यात द्या."

मी दिला. इतका शिस्तीचा माणूस फुकट मिळतोय, कोण सोडेल?

*

व्यायाम किती जड जातोय हे मोजायला एक सोपी पट्टी असते. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आता जीव जातोय. काकू त्यांच्या घरी घोट्याला वाळूची पिशवी बांधून खुर्चीवर बसल्या बसल्या पाय सरळ करत होत्या. मी विचारलं, "काकू, दहापैकी किती?"

काकूंनी दाराकडे बघितलं. दारात सून उभी.

"सुनंम्होरं सांगू का खरं सांगू?"

*

विश्रांतीचंही तसंच. स्नायू भरून यायला मध्ये एक दिवस सुट्टी लागते, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी गावात आले तर अख्खा व्यायाम गट उन्हात भांगलायला!

"आप्पा, आज सुट्टी आहे ना?"

आप्पा खुरपं न थांबवता म्हणाले, "तुझ्या व्यायामाला सुट्टी हाय. तणाला न्हाई."

*

सहाव्या आठवड्यात मधली चाचणी घेतली. हौसाकाकू जमिनीवर बसल्या आणि उठायला गेल्या. अर्ध्यात आल्या, पाय थरथरले, धप्पकन परत खाली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा खाली. परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. या बाईला उगाच आशा लावली असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर काकू वाट बघत उभ्या. "आवं मॅडम, रडताना कंडक्टरनं बघितलं की तुमास्नी. गावभर झालंय! चला, वाळू वाढवा."

*

नवव्या आठवड्यात वेगळंच. कंट्रोल गटातली सहा माणसं मांड्या धरून चालत होती. बसताना "आई गं", उठताना "आई गं". सुभेदारांना गाठलं.

"यांना काय झालं?"

"मॅडम, शिस्त मोडली! गोठ्यामागं चोरून तुमचा व्यायाम करताना सापडले."

मला सुभेदारांचा किती अभिमान वाटला! कुणीतरी माझा डेटा जपतंय!

"शाब्बास सुभेदार! मग?"

"मग काय, शिक्षा दिली. आठवडाभर रोज सकाळी वीस उठाबशा. समोर उभा राहून मोजून घेतल्या!"

सरांना फोन केला.  सर म्हणाले, "ती सहा नावं काढून टाक. आणि दोन दिवस मला फोन करू नकोस." उरलेल्या मूठभर कंट्रोलवर माझा थिसिस लटकत होता. त्यात एक खुद्द सुभेदार. ते मात्र जागचे हलले नव्हते. हुकूम म्हणजे हुकूम!

*

शेवटच्या मोजणीला सर स्वतः आले. एकेक आकडा बघून त्यांच्या भुवया वर चढत होत्या. अर्ध्या मिनिटात आप्पा एवढ्या वेळा खुर्चीवरून उठले-बसले की सरांनी घड्याळ हलवून बघितलं. "फरक आहे," सर म्हणाले. सरांच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच!

शेवटी हौसाकाकू. त्या भुईवर मांडी घालून बसल्या. सुभेदार सवयीनं पुढे झाले तसे सर ओरडले, "हात द्यायचा नाही!" सुभेदार जागच्या जागी ताठ झाले, दोन्ही हात पाठीमागे गच्च धरून. काकू एका कुशीला वळल्या, एक गुडघा टेकला, दुसरा पाय रोवला, स्वतःच्याच मांडीवर तळवा दाबला. पाय थरथरायला लागले. कुणीतरी "आई अंबाबाई" म्हणालं. आणि काकू उभ्या! एकट्या!

मंडपात शिट्ट्या. मी सगळ्यांदेखत भोकाड पसरलं. सुभेदार पाठीमागचे हात सोडायचंच विसरले.

मग तिथंच पंगत. मसालेभात, आमटी, जिलेबी. कुणीतरी काकूंसाठी खुर्ची आणली. काकू म्हणाल्या, "सरांना द्या. त्यास्नी मांडी घालाया पोट आडवं येतंय." आणि स्वतः ऐटीत खाली बसल्या. तीन जिलेब्या खाल्ल्या.

जेवणं झाली, माणसं हात धुवायला उठली. काकू बसूनच. सुभेदार समोरून येताना दिसले तसा काकूंनी हात वर केला. सुभेदारांनी पाय रोवले, कंबरेतून वाकले, तो हात धरला आणि दात आवळून काकूंना ओढून उभं केलं.

मी काकूंच्या कानाशी लागले, "काकू, मघाशी तर एकट्या उठलात की!"

"गप गं!" काकू कुजबुजल्या. "त्येंचा व्यायाम चाललाय."